रमाबाईंचं पाप कोणी ठरवायचं?

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली 'अ टेस्टिमनी' नावाचं एक छोटंसं इंग्रजी पुस्तक लिहिलं. टेस्टिमनी म्हणजे साक्ष. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगण्याला ख्रिस्ती मंडळी 'साक्ष देणं' म्हणतात. अशा साक्षींचा एक ठरलेला साचा असतो. आधी अंधार, मग एक क्षण, मग लख्ख उजेड. रमाबाई या साच्यात बसत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. आणि पुस्तकात त्या सरळ सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई तीन-चार ओळींत आटोपतात. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण. त्यांच्या धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: का केलं आणि कोणाच्या नादानं केलं. मला मात्र ती मधली आठ वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्या पुढची तीस वर्षंही. कारण या सगळ्या काळात एका शब्दावरून झगडा चालू होता. तो शब्द म्हणजे पाप. एखाद्या बाईचं पाप कोणतं, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? समाजाचा, गुरूचा, चर्चचा की तिचा स्वतःचा?

माथी मारलेलं पाप

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकावं असं मानणारा आणि आपल्या बायकोला स्वतः शिकवणारा हा माणूस त्या काळात विरळाच. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर हिंडायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. व्रतं झाली, उपास झाले, देवळांच्या पायऱ्या झिजवून झाल्या. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. पुढे भाऊ श्रीनिवासबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न केलं. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, ते पटकीनं गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

तेविसाव्या वर्षी विधवा होणं म्हणजे काय, हे त्या काळाच्या भाषेतच ऐकलेलं बरं. नवऱ्याला गिळलं. पांढऱ्या पायाची. करंटी. या शब्दांच्या मागे एक पक्का हिशेब होता: नवरा मेला तो बायकोच्या गेल्या जन्मीच्या पापामुळे. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'द हाय कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकात रमाबाईंनी हा हिशेब उलगडून दाखवला. वैधव्य ही मागच्या जन्मातल्या एखाद्या भयंकर गुन्ह्याची शिक्षा मानली जाते. त्यामुळे दहा वर्षांच्या पोरीचे केस काढले जातात, तिला एकवेळ जेवायला लावलं जातं, तिचं तोंड दिसलं तरी अपशकुन होतो.

या पापाची गंमत अशी की ते कबूलच करता येत नाही. कोणतं पाप केलं ते तिला आठवत नाही, कारण ते या जन्मातलं नाही. कोणाचा अपराध केला ते माहीत नाही, म्हणून माफी कोणाची मागायची तेही माहीत नाही. शिक्षा मात्र मरेपर्यंत चालू. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंच्या हाती वेद ठेवले होते. त्यांनी धर्मशास्त्रंही वाचली. आपल्या साक्षीत त्या लिहितात की, शास्त्रांचं बाकी कशावर एकमत नसलं तरी दोन-तीन बाबतींत होतं, आणि त्यातली एक म्हणजे बायका, मग त्या कोणत्याही जातीच्या असोत, मुळातच वाईट असतात आणि बाईच्या जन्मात त्यांना मोक्ष नाही.

फुलम

१८८३ साली रमाबाई वैद्यकीचं शिक्षण घेण्याच्या इराद्यानं इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर व्हायचं जमलं नाही. पण त्या जोगिणींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातलं आपलं काम दाखवलं. तिथे 'पतित' म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांसाठी एक घर होतं. त्या बायकांशी इतक्या मायेनं वागताना पाहून रमाबाई चक्रावल्या. त्यांना ठाऊक असलेल्या कोणत्याही धर्मव्यवस्थेत अशा बाईला दंड होता, बहिष्कार होता; परत येण्याची वाट नव्हती. त्यांनी एका जोगिणीला कारण विचारलं. तिनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला.

त्या अध्यायात येशू भर दुपारी एका विहिरीवर थांबतो. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. जातीनं कमी लेखलेली, पाच नवरे झालेली, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य आपल्याला ठाऊक आहे हे तो तिला दाखवतो, पण तिला हाकलत नाही. उलट देवाची भक्ती कशी करावी, हा धर्मातला सगळ्यात मोठा प्रश्न तो तिच्याशी बोलतो. ती घागर तिथेच टाकून गावात धावते आणि सगळ्यांना सांगते की आपण केलेलं सगळं यानं ओळखलं.

पहिल्यांदाच रमाबाईंना असं पाप दिसलं ज्याच्या पलीकडे दरवाजा होता. इथे पाप बाईच्या जन्माला चिकटलेलं नाही. ते तिच्या आयुष्यातलं आहे, त्याबद्दल तिच्याशी बोलता येतं, आणि बोलणं झाल्यावर ती आधीपेक्षा मोठी होते. काही महिन्यांत रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ माजली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, पण असे आवाज थोडे होते.

नम्र व्हा, म्हणजे कोणासारखं?

गोष्ट इथे संपली असती तर ती त्या ठरलेल्या साच्यातली साक्ष झाली असती. पण बाप्तिस्मा झाला आणि भांडणं सुरू झाली.

सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. दोघींमधला पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपानं आला आणि तो आजही वाचताना तापलेला वाटतो. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्या खात नसत. सिस्टरला त्यात जातीचा ताठा दिसला. क्रॉसवरची अक्षरं लॅटिनमध्येच कशाला, आपल्या जुन्या संस्कृतात काय कमी आहे, असं रमाबाईंनी विचारलं. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना आणि पटत नाही हे त्या लपवेनात. सिस्टरच्या लेखी या सगळ्याचं एकच निदान होतं: गर्व. आणि ख्रिस्ती परंपरेत गर्व हे पापांचं मूळ मानलं जातं. म्हणजे प्रश्न विचारणं हेच पाप, आणि गप्प बसणं हा पश्चात्ताप.

१८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा की, भारतातल्या पुरोहितांचं जोखड आपण मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची इच्छा नाही. देवानं सद्सद्विवेकबुद्धी दिली आहे, तिचा आवाज आपण ऐकणार.

हे पत्र स्त्रीवादी बाण्याचा नमुना म्हणून अनेकदा दाखवलं जातं, आणि ते तसं आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रमाबाई आपल्यात पाप नाही असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात की दुसऱ्यानं लिहून दिलेल्या पापावर आपण सही करणार नाही. कबुलीचा हा पाया आहे. जे मला खरोखर माझं वाटत नाही ते मी कबूल केलं, तर ती कबुली नव्हे, ती शरणागती. पुण्यानं एक पाप माथी मारलं होतं, वाँटेजनं दुसरं मारायला घेतलं, आणि त्यांनी दोन्ही नाकारली.

ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न जुना आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीनं वर्षातून किमान एकदा धर्मगुरूसमोर पापांची कबुली द्यावी असा नियम केला. त्यातून आत्मपरीक्षणाची सवय लागली, तशी धर्मगुरूच्या हाती माणसाच्या मनाची किल्लीही गेली. १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं आपल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्यातच मांडलं की पश्चात्ताप ही एखाद्या दिवसाची क्रिया नसून ख्रिस्ती माणसाच्या सगळ्या आयुष्याची रीत आहे. जॉन वेस्ली यांनी १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम लिहिले: दर आठवड्याला भेटा आणि गेल्या भेटीपासून काय चुकलं ते एकमेकांना सांगा. समोर धर्मगुरू नाही, तुमच्यासारखीच चुकणारी माणसं. रमाबाईंच्या वाटेत पुढे हाच मेथडिस्ट धागा येणार होता.

आठ वर्षांनंतर

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या, निधी उभा केला, आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. बाहेरून पाहता हे यशाचे दिवस. नेमक्या याच दिवसांत त्यांना आतून रितेपणा जाणवत होता.

त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचलं. हॅस्लम कित्येक वर्षं पाद्री होते, प्रवचनं देत होते. आणि एके दिवशी प्रवचन देता देताच त्यांच्या लक्षात आलं की आपण लोकांना सांगतोय ते आपल्यात घडलेलंच नाही. रमाबाईंना त्यात आपला चेहरा दिसला. त्यांनी ख्रिस्ती तत्त्वज्ञान वादविवाद करून, बुद्धीला पटवून स्वीकारलं होतं. आता त्यांना उमगलं की आपण धर्मावर विश्वास ठेवतोय, त्यातल्या देवावर नाही. आपण पापी आहोत आणि स्वतःच्या कर्तबगारीनं देवाला पात्र ठरू शकत नाही, हे त्यांनी मान्य केलं. साक्षीत त्या सांगतात की हे मान्य केल्यावर मनावरचा भार उतरला.

जिनं गर्वाचा आरोप धुडकावला होता, तिनं सहा वर्षांनी स्वतःहून स्वतःला पापी म्हटलं. यात विसंगती आहे का? मला वाटत नाही. १८८५ मध्ये कोणीतरी त्यांना वाकवू पाहत होतं. १८९१ मध्ये कोणी काही मागत नव्हतं. उलट सगळीकडून वाहवा होत होती. ज्या कबुलीनं बाहेरच्या कोणाचंच समाधान होणार नव्हतं आणि फायदाही होणार नव्हता, ती त्यांची स्वतःची कबुली होती. विशेष म्हणजे त्यानंतरही त्या कुठल्या चर्चच्या आज्ञेत गेल्या नाहीत. कोणाची पावती न घेता त्यांनी पुढचा रस्ता धरला.

तो रस्ता पुण्याला झेपला नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. वाटलं तर मुली येऊन बसत. बोलावणं नव्हतं, मनाईही नव्हती. १८९३ मध्ये त्या दारावरून वादळ उठलं. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती. मुलींना धर्मापासून अलिप्त ठेवण्याचं आश्वासन आणि उघडं दार यांच्यात ताण होताच. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की मुलीचं मन हेही तिचंच असतं.

केडगाव, जून १९०५

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. सोळाव्या वर्षी आपण भोगलेली भूक त्यांना समोर दिसत होती. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला मुक्ती उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तिथेच 'कृपा सदन' निघालं, अत्याचार झालेल्या, घरानं टाकलेल्या बायकांसाठी. फुलममध्ये पाहिलेलं घर पंधरा-सोळा वर्षांनी केडगावच्या माळरानावर आलं.

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झाल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी १९०५ पासून रमाबाईंनी मुक्तीत रोज प्रार्थनेला बसणाऱ्यांचा गट सुरू केला. सुरुवातीला सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीला एका रात्री एका मोठ्या मुलीला आपल्या अंगात आग उतरल्यासारखं वाटलं. जवळची बाई पाण्याची बादली आणायला धावली असं तेव्हाच्या वृत्तान्तांत आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपापली पापं सांगू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. हे पुढे अनेक आठवडे चाललं. मेथडिस्ट पंथाच्या मिनी एब्रम्स तिथे काम करत होत्या. त्यांनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. लॉस एंजेलिसमधली अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध चळवळ एप्रिल १९०६ ची, म्हणजे मुक्तीच्या नंतरची. त्यामुळे पेंटेकॉस्टल पंथाचा जागतिक इतिहास लिहिणारे आज केडगावचं नाव घेतात.

योहानाचा आठवा अध्याय उघडतो तो व्यभिचारात पकडलेल्या बाईच्या गोष्टीनं. तिला दगडांनी मारायला लोक जमलेत. ज्यानं कधी पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा, असं येशू सांगतो आणि एकेक जण निघून जातो. मग तो तिला दोषी ठरवत नाही, पण पुन्हा पाप करू नकोस असंही सांगतो. दगड घेऊन उभे असलेले लोक गेल्याशिवाय या बाईशी तिच्या चुकीबद्दल बोलणंच शक्य नव्हतं.

इथे अडचणीचा प्रश्न विचारायलाच हवा. या मुली निराधार होत्या. ज्या बाईनं त्यांना मरणाच्या दारातून आणलं तिच्याच छपराखाली त्या जेवत होत्या. शेजारची रडतेय, कबुली देतेय, अशा गर्दीत स्वतःला वेगळं ठेवणं किती जणींना जमलं असेल? वाँटेजला रमाबाईंकडे जो नकार द्यायचा अवकाश होता तो केडगावच्या बारा वर्षांच्या पोरीकडे होता का? माझ्या मते पुरेसा नव्हता. ज्यांनी स्वतःच्या मनावर दुसऱ्याचा ताबा चालू दिला नाही, त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेबद्दल हे म्हणावं लागतं, आणि रमाबाईंबद्दलच्या आदरापोटी ते झाकू नये.

तरीही त्या मुली तिथवर कुठून आल्या होत्या ते पाहिलं की दुसरी बाजू दिसते. त्यातल्या कितीतरी जणींना 'पापी' हा शब्द जन्मभर ऐकवला गेला होता: विधवा म्हणून, मुलगी म्हणून, बाटलेली म्हणून. आता तोच शब्द त्यांनी पहिल्यांदा स्वतः उच्चारला, आणि स्वतः केलेल्या गोष्टींसाठी. मी केलं, असं म्हणायला आधी 'मी' लागतो. पांढऱ्या पायाला 'मी' नसतो. आणि कबुलीनंतर या मुली कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्यांचे गट आसपासच्या गावांत बोलायला जाऊ लागले. शोमरोनी बाईनं घागर टाकून केलं होतं तेच.

मग रोजचं काम

त्या आठवड्यांची आग कायम राहिली नाही, राहणारही नव्हती. राहिलं ते रोजचं काम: विणकाम, तेलघाणी, छापखाना, शेत, अंध मुलींची शाळा. रमाबाईंनी स्वतः आणखी एक संथ काम हाती घेतलं होतं. ग्रीक आणि हिब्रू शिकून त्या संपूर्ण बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं. 'पश्चात्ताप' असं आपण वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये 'मेटानोइया' हा शब्द आहे. त्याचा अर्थ मन बदलणं, विचाराची दिशा वळणं. त्यात रडणं येईलही, पण मुख्य गोष्ट वळणं ही आहे, आणि वळल्यावर चालावं लागतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि त्यांचं बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. विहिरीवरच्या बाईची आणि दगडांच्या गराड्यातल्या बाईची, दोघींची गोष्ट त्यांनी आपल्या हातांनी एकेक खिळा जुळवून छापली.